अंधेरी ते तुआमोटू: शिडाच्या नौकेने कंकणद्वीपांवर जायचं असेल तर

१९४७ साली थोर हायरडाल आणि त्याचे पाच सोबती बाल्साच्या ओंडक्यांचा ‘कॉन-टिकी’ तराफा घेऊन पेरूहून निघाले. १०१ दिवस त्यांनी प्रशांत महासागर झेलला. वादळं आली, लाटा आल्या, तराफा टिकला. ७ ऑगस्टला तो फुटायला आला तो रारोइया या कंकणद्वीपाच्या प्रवाळभिंतीवर आदळून, म्हणजे जमीन दिसल्यानंतर. माणसं वाचली. मात्र शिडाच्या नौकेने प्रवाळबेटांवर जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने या सफरीतली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: खोल पाण्यात आपटायला काही नसतं. खरी परीक्षा शेवटच्या मैलात असते.

हा लेख मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या, नोकरी-धंदा करणाऱ्या आणि स्वतःची नौका नसलेल्या वाचकांसाठी आहे. नौका नसली तरी चालतं. दर वर्षी शेकडो खासगी शिडाच्या नौका पनामाहून पश्चिमेला निघतात. त्यांतल्या अनेकांवर मालक नवरा-बायको दोघंच असतात आणि रात्रीच्या पहाऱ्याला, स्वयंपाकाला, शिडं ओढायला त्यांना जास्तीचे हात हवे असतात. ते हात तुमचे असू शकतात. त्यासाठी दोन वर्षांची शिस्तीत तयारी मात्र हवी.

आधी जागा समजून घ्या

कंकणद्वीप म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीच्या गळ्यातला हार. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, त्याच्या कडेची प्रवाळं उजेडासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि प्रवाळांचं कडं तेवढं उरतं. चार्ल्स डार्विनने हे १८४२ मध्ये मांडलं, आणि १९५२ मध्ये एनेवेटक इथे प्रवाळाखाली खोलवर भोकं पाडल्यावर तळाशी ज्वालामुखीचा खडक सापडला. कड्याच्या आत शांत लगून, बाहेर लगेच हजारो फूट खोल समुद्र.

या रचनेचे तीन परिणाम खलाशाला भोगावे लागतात. पहिला, जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच असते. दिसतात ते माडांचे शेंडे, तेही आठ-दहा सागरी मैलांवर आल्यावर. रात्री काहीच दिसत नाही. दुसरा, भिंतीबाहेर नांगर टाकायला तळ सापडत नाही, म्हणजे ‘जरा थांबून बघू’ ही सोय नाही. तिसरा, आत जायला बहुधा एक-दोनच मुखं असतात आणि काही बेटांना तर नौकेजोगं मुखच नसतं. फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोटू समूहात अशी पाऊणशेहून अधिक कंकणद्वीपं आहेत. फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिलने १७६८ मध्ये त्यांना ‘धोकादायक द्वीपसमूह’ म्हटलं, आणि उपग्रहाधारित दिशादर्शन येईपर्यंत बहुतेक नौका या समूहाला वळसाच घालत.

शिकायचं कुठे

सुरुवात पोहण्यापासून. तलावात चार लांब्या मारता येणं पुरेसं नाही. खोल पाण्यात अर्धा तास घाबरून न जाता तरंगता आलं पाहिजे. अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल, मुलुंडचं प्रियदर्शिनी, कांदिवलीचा सरदार वल्लभभाई पटेल तलाव या पालिकेच्या ठिकाणी वर्षभर सराव करा. पोहणं आल्यावर मास्क आणि नळी लावून पोहायला शिका, कारण प्रवाळात अडकलेला नांगर बघायला कोणीतरी पाण्यात उतरावंच लागतं.

शिडं हाताळणं गेटवेसमोर शिकता येतं. रॉयल बॉम्बे यॉट क्लब आणि कुलाबा सेलिंग क्लब जुने आहेत. मांडवा-मुंबई भागात प्रशिक्षण देणाऱ्या संस्थाही आहेत. हंगाम ऑक्टोबर ते मे. लहान होडीपासून सुरुवात करा. वाऱ्याची दिशा मानेवर जाणवणं, शीड कधी सोडायचं आणि कधी ओढायचं हे लहान होडीत जितकं लवकर अंगात मुरतं तितकं मोठ्या नौकेवर नाही. मग पाच दिवस नौकेवरच राहून केला जाणारा ‘कॉम्पिटंट क्रू’ अभ्यासक्रम करा. थायलंड-मलेशियाच्या किनाऱ्यावर तो सहज मिळतो. कप्तानाला पत्र लिहिताना या प्रमाणपत्राचं वजन पडतं.

तिसरा धडा फुकट आहे. भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन सुट्टीच्या दिवशी वर्सोव्याच्या धक्क्यावर जा. मढला जाणारी फेरीबोट खाडीच्या तोंडातून जाते. पूर्ण भरतीची वेळ लिहा आणि खाडीतलं पाणी प्रत्यक्ष कधी थबकतं, कधी उलटं वळतं तेही लिहा. दोन्ही वेळा जुळत नाहीत हे लवकरच दिसेल. उधाणाला आणि भांगाला हा फरक आणि पाण्याचा जोर कसा बदलतो, हे तिथल्या कोळी बांधवांना विचारा. बोरिवलीकरांनी हाच अभ्यास गोराईच्या खाडीवर करावा. कंकणद्वीपाच्या मुखाशी हाच प्रश्न सोडवायचा असतो, फक्त तिथे चुकीला जागा नसते.

तयारीला किती वेळ द्यावा, याचा एक मराठी दाखला आहे. कमांडर दिलीप दोंदे यांच्याकडे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेचं काम २००६ मध्ये आलं. ‘म्हादई’ घेऊन ते मुंबईहून निघाले १९ ऑगस्ट २००९ ला आणि परतले मे २०१० मध्ये. तीन वर्षं तयारी, नऊ महिने सफर. मधल्या काळात नौका बांधून घेणं, जाणत्या खलाशाच्या हाताखाली राबणं, मॉरिशसपर्यंत जाऊन एकट्याने परत येणं, हे सगळं झालं. ५६ फुटी म्हादई गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली, आणि तिच्या डच आराखड्याचं नावच ‘टोंगा ५६’. दोंदे प्रशांत महासागरातून गेले ते खाली दक्षिणेच्या थंड, वादळी पट्ट्यातून, बेटांना न शिवता. आपला रस्ता उबदार आणि सोपा आहे, त्यामुळे तयारी कमी चालेल असं मात्र नाही.

लक्षद्वीप: रंगीत तालीम

प्रशांत महासागरासाठी पैसे खर्च करण्याआधी लक्षद्वीपला जाऊन या. तीही खरीखुरी कंकणद्वीपंच आहेत. बहुतेक बेटांची जमीन पूर्वेच्या कडेवर आणि लगून पश्चिमेला. प्रशासनाचा प्रवेश परवाना भारतीयांनाही लागतो. कोचीहून अगत्तीला विमान आहे, कोचीहून जहाजंही आहेत. जमलं तर जहाजानेच जा. कित्येक बेटांपाशी जहाज भिंतीबाहेर थांबतं आणि प्रवासी लहान होड्यांत उतरून मुखातून आत जातात. होडीच्या नाळेशी बसून पाण्याचे रंग बघा: गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळूवर काही मीटर, पिवळट-तपकिरी म्हणजे प्रवाळ अगदी वर आलंय. प्रशांत महासागरातही हीच रंगांची भाषा चालते.

इथे आणखी दोन सवयी लावून घ्या. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तुकडाही उचलायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ उचलणं हा गुन्हा आहे. आणि गावात गावाच्या रीतीने वागायचं: अंगभर कपडे, विचारल्याशिवाय फोटो नाही, दारूबंदी असेल तिथे दारू नाही.

हंगाम आणि मार्ग

दक्षिण प्रशांत महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि नौका पश्चिमेला ढकलतात. म्हणजे आपल्याकडे होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा तिथे हंगाम भरात असतो. मुंबईकराला हे सोयीचं आहे: हिवाळाभर गेटवेला सराव, मे-जूनमध्ये प्रस्थान.

नेहमीचा मार्ग पनामा, गालापागोस, मार्केसस, तुआमोटू, ताहिती, कुक बेटं, टोंगा, फिजी असा. गालापागोस ते मार्केसस हा सुमारे ३,००० सागरी मैलांचा टप्पा, साधारण तीन आठवड्यांचा. मार्केसस ही उंच डोंगरी बेटं आहेत, कंकणद्वीपं नव्हेत. तिथून तुआमोटू सुमारे ५०० मैल, चार-पाच दिवस.

महिन्या-सव्वा महिन्याचीच रजा असेल तर लांब टप्प्याच्या मागे लागू नका. ताहितीहून विमानाने मार्केससमधल्या नुकू हिवाला जा, तिथे नौकेवर चढा, तुआमोटूची दोन-तीन बेटं करा आणि ताहितीला उतरा. उलट दिशेने, म्हणजे ताहितीहून तुआमोटूकडे, वारा तोंडावर येतो आणि नवख्याचे हाल होतात.

पश्चिमेकडच्या बेटांपैकी दोन नावं टिपून ठेवा. कुक बेटांतलं सुवॉरो हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे वस्ती नाही, हंगामापुरते वनरक्षक असतात. पामर्स्टनला नौकेजोगं मुखच नाही. नौका भिंतीबाहेर बांधायची आणि बेटावरच्या माणसांच्या होडीतून आत जायचं. १८६३ मध्ये तिथे वसलेल्या विल्यम मार्स्टर्सचे वंशज आजही तिथे राहतात आणि आलेल्या नौकेचा पाहुणचार एक कुटुंब आपल्याकडे घेतं.

कागदपत्रं

नेहमीचा शेंगेन व्हिसा फ्रेंच पॉलिनेशियाला चालत नाही. अर्ज करतानाच त्या प्रदेशासाठी वैध असलेला व्हिसा मागावा लागतो. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीयांना व्हिसा लागतो, म्हणून विमानमार्ग ठरवतानाच हा खर्च धरा. फिजी आणि कुक बेटांवर भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. त्यामुळे पहिल्या खेपेला तिथून नौकेवर चढणं कागदपत्रांच्या दृष्टीने हलकं जातं. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा तपासा.

नौकेने जाणाऱ्याची खास अडचण परतीच्या तिकिटाची. एकेरी तिकिटावर विमान कंपनी चढू देईलच असं नाही. त्यासाठी कप्तानाचं सहीचं पत्र, नौकेच्या नोंदणीची प्रत आणि रद्द करता येणारं परतीचं तिकीट जवळ ठेवा. नौकेवर चढल्यावर तुमचं नाव कर्मचारी यादीत येतं आणि देश सोडेपर्यंत तुमची जबाबदारी कप्तानावर असते, म्हणून उतरतानाही यादीतून नाव रीतसर काढून घ्या.

पनामा किंवा इक्वेडोरमार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं.

कप्तान निवडताना

नौकेपेक्षा माणूस आधी पारखा. ओळख फोनवर होते, विश्वास नाही. आधी दोन-तीन दिवस किनाऱ्यालगत सोबत फिरण्याची अट घाला. पूर्वीच्या दोन सहप्रवाशांशी बोला. बायकांनी तर हे टाळूच नये, आणि कोणत्याही बंदरावर स्वतःच्या खर्चाने उतरता येईल इतके पैसे वेगळे ठेवावेत.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. जीवनतराफा शेवटचा कधी तपासला? उपग्रहाला संकट-संदेश देणारा बीकन आहे का, नोंदणीकृत आहे का? रात्री डेकवर येताना सुरक्षापट्टा अडकवण्याचा नियम आहे का? पहारे किती तासांचे? खर्चाची वाटणी कशी? गोडं पाणी किती, आणि खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र बंद पडलं तर काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: मुखाशी उशिरा पोचलो तर काय करता? ‘बाहेर रात्र काढतो’ असं उत्तर आलं तर कप्तान योग्य. ‘बघू, इंजिन दमदार आहे’ असं आलं तर आभार मानून निघा.

शेवटचा मैल

मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. तुआमोटूत हा फरक मीटरभरही नसतो. तरीही मुखातला प्रवाह कधी कधी सहा-आठ नॉटपर्यंत जातो, जो बऱ्याच नौकांच्या इंजिनाला झेपत नाही. कारण भरती-ओहोटी एकटी नाही. दक्षिणेकडच्या मोठ्या लाटा भिंतीवरून सतत लगूनमध्ये पाणी ओततात आणि ते सगळं एका मुखातून बाहेर पडू बघतं. सकाळी घाटकोपर स्थानकात चारही बाजूंनी आलेली गर्दी मेट्रोच्या एका पुलावर चढते, तसंच. मोठ्या लाटांचे दिवस असतील तर कोष्टकात भरती असूनही पाणी बाहेरच येत राहतं. म्हणून कोष्टक हा अंदाज, डोळे हा निर्णय.

मुखाशी पोचल्यावर क्रम असा ठेवा.

१. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. सूर्य उंच आणि पाठीशी. समोरून ऊन आलं तर पाणी आरशासारखं चमकतं आणि खालचं काही दिसत नाही.

२. आधी बाहेर थांबून दुर्बिणीतून अर्धा तास पाणी बघा. बाहेर येणारा प्रवाह समोरच्या वाऱ्याला भिडला की मुखात उभ्या लाटा तयार होतात. त्या असतील तर थांबा.

३. पाणी थबकण्याच्या सुमाराला, किंवा हलका प्रवाह समोरून असताना आत शिरा. समोरून प्रवाह असला की सुकाणू ऐकतं आणि मागे फिरता येतं. पाठीमागून असला की नौका वेगाने ढकलली जाते आणि विचार बदलायची संधी उरत नाही.

४. एक माणूस नाळेशी किंवा डोलकाठीवर, ध्रुवीकृत गॉगल लावून. हाताच्या खुणा आधी ठरलेल्या असाव्यात. वाऱ्यात ओरडलेलं ऐकू येत नाही. सहप्रवासी म्हणून हे काम बहुधा तुमच्याकडे येईल.

५. एकट्या नकाशावर विसंबू नका. जुन्या मोजणीचे नकाशे कुठे कुठे सरकलेले असतात. उपग्रहचित्रं आधीच उतरवून घेऊन नकाशाशी ताडून बघा.

आत आल्यावर धोका संपत नाही. लगूनमध्ये एकटीदुकटी प्रवाळटेकाडं तळापासून थेट पृष्ठभागापर्यंत उभी असतात. नांगर वाळूत टाका आणि साखळीला अंतरा-अंतरावर तरंगते गोळे बांधा, म्हणजे ती प्रवाळात गुंतत नाही आणि प्रवाळही मोडत नाही. वारा फिरला तर मैलोगणती मोकळ्या लगूनवरून लाटा येतात आणि सुरक्षित वाटणारा किनारा पाठीशी धोका बनतो. अशा वेळी दुसऱ्या बाजूला हलायची तयारी दिवसाउजेडी करून ठेवा.

पोट आणि प्रकृती

पहिले तीन दिवस बोट लागेल असं धरूनच चला. गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते; कोणती, हे डॉक्टरांना विचारा आणि घरी एकदा घेऊन किती झोप येते ते बघा. आलं, कोरडी भाकरी आणि क्षितिजाकडे नजर या तिन्हींचा उपयोग होतो.

मराठी स्वयंपाकघर नौकेवर फार कामाला येतं. प्रेशर कुकर गॅस वाचवतो आणि हेलकाव्यात सांडत नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, गूळ-शेंगदाणे, आमसुलं टिकतात. भाजी संपल्यावर मोड आलेले मूग हीच हिरवाई. मात्र बियाणं, डाळी, मध, दुधाचे पदार्थ यांवर अनेक देशांत कडक तपासणी असते, गालापागोस आणि न्यूझीलंडमध्ये तर विशेष. सगळं अर्जात लिहा, काढून घेतलं तर द्या. फिजीत शिधा पुन्हा भरता येतो. १८७९ पासून गिरमिटिया मजूर तिथे नेले गेले, आणि त्यांच्या वंशजांच्या दुकानांत पीठ, डाळ, हळद आजही सहज मिळते.

मासे खाणाऱ्यांनी एक सवय घरी ठेवून जावी. प्रवाळातला मासा ताजा आहे म्हणून खाण्याजोगा आहे असं नाही. प्रवाळावरच्या सूक्ष्म शैवालातलं सिग्वाटेरा विष लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत साठत जातं. ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, चवीला कळत नाही. उलट्या, जुलाब, हातापायांना मुंग्या आणि थंड वस्तू गरम लागणं ही त्याची लक्षणं. एकाच जातीचा मासा एका बेटावर चांगला आणि शेजारच्या बेटावर विषारी असू शकतो, म्हणून गावकऱ्यांना विचारल्याशिवाय लगूनमधला मासा खाऊ नका. खोल समुद्रात गळाला लागलेला कुपा बहुधा निर्धोक असतो.

प्रवाळाने झालेली जखम लहान असली तरी लगेच गोड्या पाण्याने घासून धुवा, नाहीतर ती चिघळते. निघण्याआधी धनुर्वाताची लस आणि दातांची तपासणी करून घ्या. दाढ दुखायला लागली तर दवाखाना चार दिवसांच्या अंतरावर असू शकतो. प्रवासविम्यात किनाऱ्यापासून दूरच्या सागरी प्रवासाला आणि सुटकेच्या खर्चाला संरक्षण आहे का, हे अटींच्या बारीक अक्षरांत शोधा.

पाहुणे म्हणून

कंकणद्वीपावर नदी नसते. पिण्याचं पाणी म्हणजे छपरावरून साठवलेला पाऊस आणि वाळूखालचा गोड्या पाण्याचा पातळ थर. गावाच्या टाकीतून नौकेसाठी पाणी मागू नका. कचरा तिथे टाकू नका, तो जाळण्या-पुरण्याला जागा नाही; परत मोठ्या बंदरावर आणा. माड आणि खेकडे कोणाच्या तरी मालकीचे असतात, विचारून घ्या. फिजीच्या बाहेरच्या बेटांवर आधी गावप्रमुखाला यांगोना (कावा) या झाडाची मुळं अर्पण करण्याची रीत आहे, ती बाजारातून आधीच घेऊन ठेवा. कुक बेटांवर रविवार चर्चचा. त्या दिवशी कामं आणि पोहणं टाळा. भेट द्यायची तर उपयोगाची द्या: गळ, दोर, सुया, चष्मे, किंवा मागच्या बंदरातून त्यांनी मागवलेली वस्तू.

रजा किती मागावी

सगळी तयारी झाली तरी एक मुंबईकर सवय घात करू शकते, ती म्हणजे तारीख. सोमवारी कामावर रुजू व्हायचंय म्हणून शनिवारी मुखाबाहेर पडायचं, अंधार पडतोय तरी आत शिरायचं, अशा निर्णयांनी नौका भिंतीवर जातात. म्हणून सफरीला लागतील त्याच्या निदान दीडपट दिवस हाताशी ठेवा, तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या आणि कप्तानाला पहिल्याच पत्रात कळवा की तुमच्या विमानासाठी त्याने घाई करायची नाही. तेवढी रजा मिळत नसेल तर या वर्षी लक्षद्वीपच करा आणि प्रशांत महासागर पुढच्या वर्षावर ढकला.